घुबडरावांची सही

सुनेने सासऱ्यांचं घुबड करून टाकलं होतं. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि तिच्या नवऱ्याला. बाहेर चाळीस हजार लोक त्या घुबडाच्या प्रेमात होते. आणि ज्यांना हे सर्वांत आधी कळायला हवं होतं, ते सासरे गॅलरीत बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेन्सिलीने गोल करत असायचे.

दर गुरुवारी ती चार चौकटींची चित्रकथा इंटरनेटवर टाकायची. नायक घुबडराव. चोचीवर घसरलेला चष्मा, एक बटण भलत्याच रंगाचं असलेला स्वेटर आणि घरभर सूचना चिकटवायचा नाद. ‘गिझर चालूच आहे. कोणाला उकडून काढायचंय?’ असली सूचना आणि खाली झोकदार सही. ही वाक्यं तिला सुचत नव्हती, जेवणाच्या टेबलावर आयती मिळायची. सही तर तिने सासऱ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून थेट चिकटवलेली. मागच्या खोलीत, जिथे सासरे कधी फिरकत नसत, तिचं दुकान होतं. घुबडरावांचे स्टिकर, मग, कापडी पिशव्या आणि यंदा प्रथमच भिंतीवरचं कॅलेंडर, बारा महिन्यांचे बारा टोमणे. चाहते मागवायचे, ती खोक्यात भरून पाठवायची. नोकरी सोडून तिने हा उद्योग उभा केला होता आणि तो बरा चालला होता.

मग तिची जीभ घसरली. चाहत्यांशी थेट गप्पा मारताना कोणीतरी विचारलं, कॅलेंडरवर सही मिळेल का? बाईसाहेब रंगात आल्या होत्या. म्हणाल्या, “मिळेल की! पहिल्या शंभरांवर खुद्द घुबडरावांची!”

पहिली शंभर कॅलेंडरं तासाभरात संपली.

तिला वाटलं, सही काय, आपणच ठोकू. तीन दिवस गिरवून तिने एका सहीचा फोटो टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘ही घुबडरावांची सही नाही. शेपूट घाबरलेलं आहे.’ त्यावर सातशे जणांनी मान डोलावली. रेकॉर्ड ऑफिसात चौतीस वर्षं सह्या करून सासऱ्यांनी कमावलेलं ते शेपूट होतं, ते तीन दिवसांत कुठून येणार?

आता खरी सही आणायची, तर सासरे वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत. कुरिअरवाला त्यांना दारात बघितलं की निमूट पायरीवर बसून घ्यायचा, कारण पावतीच्या मागचा बारीक मजकूर संपेपर्यंत सुटका नव्हती.

आणि वाचलं तर? घुबड हा काही कौतुकाचा शब्द नव्हे. ते आरडाओरडा करणार नाहीत, हे तिला माहीत होतं. ते गप्प बसतील. टेबलावर मान खाली घालून जेवतील आणि उठतील. चित्रकथा बंद पडली असती तर पडली असती, पण तो किरकिऱ्या म्हातारा तिला मनापासून आवडायचा. त्याला मुका करायची तिला भीती वाटत होती.

तिने कोरे स्टिकर पुढे केले. “बाबा, हे पेन चालतंय का बघता? सही करून बघा ना.”

सासऱ्यांनी एक सरळ रेघ मारली. “चालतंय.”

नवऱ्याने उडी घेतली. “बाबा, बँकेला तुमच्या सहीचे नमुने हवेत. शंभर.”

“शंभर? कोणत्या शाखेला? चल, चप्पल घाल, मॅनेजरला भेटू.”

नवऱ्याचं म्हणे त्याच वेळी पोट दुखायला लागलं.

शेवटी तिने कॅलेंडरांवर जाड कागद घातला, सहीपुरती खिडकी कापली आणि गठ्ठा पुढे ठेवला. “बाबा, ऑफिसचे कागद आहेत. फक्त इथे.”

“तुझं ऑफिस कुठलं, सूनबाई?” असं म्हणत त्यांनी कागद उचलला. नवऱ्याने दुकानातून काहीतरी आणायचं आहे म्हणून काढता पाय घेतला. काय आणायचं होतं, ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही.

सासरे कॅलेंडर घेऊन खुर्चीत बसले. जानेवारीपासून सुरुवात. ती ओट्यापाशी उभी राहून धुतलेलेच कप पुन्हा धूत राहिली. एकेक पान उलटल्याचा आवाज येई आणि ती नळ आणखी मोठा सोडी.

“सूनबाई, हे घुबड कोण?”

“कोणी नाही, बाबा. काल्पनिक आहे.”

“काल्पनिक घुबडाकडे माझा स्वेटर कसा?”

तिने आणखी एक धुतलेला कप विसळायला घेतला.

“आणि मार्चमधलं वाक्य चुकीचं आहे. मी ‘निष्काळजी’ म्हणालो नव्हतो, ‘बेफिकीर’ म्हणालो होतो. दोन्हींत फरक आहे.” त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला. “किती लोकांनी घेतलं हे?”

“नऊशे.”

“नऊशे!” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “या घरात एकदासुद्धा कोणी गिझर बंद केला नाही. आणि नऊशे लोक माझं बोलणं विकत घेऊन भिंतीवर लावतात?”

तिने फोनवरचा एक निरोप काढून त्यांच्या पुढे धरला. कोण्या परक्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, ‘स्टिकर गिझरच्या बटणाशेजारी लावलाय. मला रागवायला इथे कोणी नाही.’

सासऱ्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“यादी आण.”

“कसली?”

“ज्यांना सही द्यायची त्यांची. कोणाला देतोय ते बघितल्याशिवाय मी सही करत नसतो.”

दोन दिवस सासरे टेबलावर ठाण मांडून बसले. प्रत्येक ऑर्डर वाचायची, मग सही, आणि सहीवर एक ओळ. ‘घर क्रमांक लिहिलेला नाही. टपाल काय वाऱ्यावर सोडायचं?’ ‘एकाच माणसाला चार मग? पाहुणे फार येतात का?’ त्या मुलीचंही नाव यादीत होतं. तिच्या कॅलेंडरवर त्यांनी लिहिलं, ‘गिझर बंद केलास का? आधी उठून बघ.’ शेपूट एकाही सहीत घाबरलं नाही.

तिने खोकी भरली, चिकटपट्ट्या मारल्या. शंभर झाली. एकशेएकावं कॅलेंडर त्यांनी उलटं करून तिच्यापुढे सरकवलं आणि घाईघाईने गॅलरीत निघून गेले.

तिने उलटून बघितलं. लिहिलं होतं, ‘सूनबाईस. आधी विचारलं असतंस, तर नाही म्हणालो असतो. विचारलं नाहीस, बरं केलंस.’