वाळल्यावरचे माप

रजईत भरायचा कापसाचा थर शिवण्याआधी पाण्यातून काढावा लागतो. कोरा शिवला तर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि वरचे कापड सुरकुत्यांनी भरून जाते. पन्नास वर्षांच्या सवयीने माझे हात हे काम नामस्मरणासारखे आपोआप करतात: थर कोमट पाण्यात अलगद बुडू द्यायचा, पिळायचा नाही, तळहातांनी दाबून पाणी काढायचे आणि गच्चीवर चादर अंथरून सपाट वाळवायचा. फार तर दोन बोटे आटतो.

ही रजई लेकीसाठी होती. तेवीस वर्षांपूर्वी माझ्या एका कठोर शब्दापायी ती घर सोडून गेली, ती आता गुरुवारी येणार होती. देवाजवळ काही मागू नये, असे मी जन्मभर इतरांना सांगत आलो, पण सोमवारी पूजा आटोपल्यावर माझ्याच तोंडून निघून गेले, "देवा, माझ्या मांडीवर झोपणारी ती एकदा परत दे."

त्या दिवशी सहा फुटांचा थर वाळून पाच फुटांचा झाला.

"दुकानदारानं टोपी घातली तुला," माझी थोरली बहीण, आक्का, हसली. "आणि म्हणे कारागीर!"

कापसाला तेलकट वास येत होता म्हणून मंगळवारी पुन्हा धुतला. वाळल्यावर चार फूट भरला. कडा सरळ, जाडी तेवढीच. आक्काने दोनदा टेप लावला. या वेळी ती हसली नाही.

बुधवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, गंमत सांगू? चपला ढिल्या पडतायत. बाह्या पार बोटांवर येतात. इथे सगळे चिडवतात, म्हातारी व्हायच्या आधीच वाळलीस म्हणून."

"कधीपासून गं?"

"सोमवारपासून असेल."

माझा हात ओला नसतानाही मी तो धोतराला पुसला. "घाबरलीस?"

"आधी घाबरले होते." तिचा आवाज बारीक झाला होता. "आता नाही वाटत भीती. बाबा, मी आले की मला थोपटाल?"

तेवीस वर्षांत तिने माझ्याजवळ काही मागितले नव्हते.

फोन ठेवून वळलो, तर आक्का दारात उभी होती. स्पीकरवरचे बोलणे तिने सारे ऐकले होते. सुईत दोरा ओवून तिने ती माझ्यापुढे धरली.

"पुरे झालं रे. आहे तेवढ्याचीच शिवून टाक. आत्ताच्या आत्ता."

मी गच्चीवरून थर आणला, खाली बसलो आणि तो मांडीवर ठेवून पाहिला. दोन्ही बाजूंनी अजून बराच बाहेर येत होता.

"आणखी एक पाणी देऊ," मी म्हणालो, आणि नळ सोडला.