टेकू काढण्याआधी

दादाने माझं न ऐकता मधल्या रांगेत काचा बसवल्या, आणि त्या पुन्हा उतरव म्हणून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला.

काम होतं शॉपिंग सेंटरच्या छताचं. पोलादी जाळी, तिच्या प्रत्येक चौकटीत काच, आणि खाली फुटबॉल खेळता येईल एवढा चौक. पोलाद उभारायचा आणि काचा बसवायचा ठेका दादाचा, आकडेमोड आणि तपासणी माझी. भाऊ-बहीण एकाच कामावर, म्हणून आई खूश. मला विचारा!

जाळी पुरी होईपर्यंत लोखंडी टेकूंवर बसलेली असते. टेकू सैल केले की ती स्वतःच्या वजनाने खाली येते. आमची मधोमध चार बोटं येणार होती. म्हणून आधी टेकू काढायचे, जाळीला हवं तेवढं बसू द्यायचं, मग काचा. पण मालकसाहेबांना जाहिरातीसाठी फोटो हवा होता, आणि साहेबांनी पाठीवर थाप मारली की दादा आभाळसुद्धा बसवून देईल. मी एक दिवस दुसऱ्या कामावर गेले, तेवढ्यात रांग चमकायला लागली.

"आता टेकू सोडलेस तर चौकटी दाबल्या जातील, काचा तडकतील," मी म्हणाले.

"तुझं आपलं काहीतरीच. लहानपणी झोपाळ्यावर बसायलासुद्धा घाबरायचीस."

"झोपाळ्याचा इथे काय संबंध?"

"पोलाद आहे ते, पुठ्ठा नाही."

फिटर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांकडे तक्रार केली असती तर दादाचा ठेका गेला असता, आणि घरात माझं तोंड कुणी पाहिलं नसतं. गप्प बसले असते तर दाबली गेलेली एखादी काच पुढे कधीतरी बाजारात आलेल्या लोकांच्या डोक्यावर आली असती. आईला फोन केला. "दादा बघेल गं," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

शेवटी मीच दादासमोर जाऊन उभी राहिले. "बोटभर सोडून दाखव. काही झालं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

या आमिषाला तो लगेच भुलला. आम्ही चौक रिकामा केला. लंबू, दादाचा सगळ्यात जुना फिटर, त्याने शिट्टी दिली आणि प्रत्येक टेकूपाशी उभ्या असलेल्या माणसाने टेकूखालचा जॅक हळूहळू सैल केला. बोटभर व्हायच्या आतच वर टक्कन आवाज झाला. काच दोन थरांची, म्हणून पडली नाही. पण या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

दादाने मान वर करून तडा बघितला. मग म्हणाला, "काच खराब निघाली."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि घरी गेले. जेवताना रडू आलं, निव्वळ रागाचं. तडा डोळ्यांसमोर होता, तरी बहिणीचं खरं ठरलं हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तर फिटर वर चढलेले, आणि रांगेतल्या काचा एकेक करून खाली येत होत्या. दादा खालून ओरडत होता, "सांभाळून! साहेबांचा हुकूम आहे. आधी टेकू काढायचे, जाळीला बसू द्यायचं, मग काचा!"

शब्द न् शब्द माझा. माझ्या ओठांवर सगळं आलं. तेवढ्यात लंबू हातातली काच लाकडी घोडीवर टेकवून माझ्याकडे आला.

"ताई, साहेब तर परगावी गेलेत ना? मग हुकूम कुणाचा?"

आजूबाजूच्यांचे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा आमच्याकडे पाठ करून उभा होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. निम्मी रांग अजून वरच होती.

"फोन आला होता साहेबांचा," मी म्हणाले. "चला, पुढची काच घ्या."