ताईची कवळी

ताईनं तोंडातली कवळी काढली, रुमालाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे. चार वर्षं सोसली. आता तुझी तुला."

कवळ्या करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी एकटा बसतो. डॉक्टर पुढून हिरड्यांचे साचे पाठवतात, माणसांची तोंडं बघावी लागत नाहीत. रविवारी तर दार लावून, फोन बंद करून पडायचं. केवढं सुख! ताईनं लहानपणी मला घुम्या म्हणायला सुरुवात केली, ते काही उगाच नाही.

चार वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, घरी ये, माप घे, जेवून जा. मी म्हटलं, माप डॉक्टरांकडे दे. कवळी पक्की करण्याआधी मी ती मेणाची करून देतो, डॉक्टर ती तोंडात बसवतात, माणसाला बोलायला, हसायला लावतात. परक्यांची ही पायरी मी कधी गाळली नाही. ताई म्हणाली, एवढं तरी तूच घरी येऊन कर. तिची गाळली. घरचीच तर आहे, म्हटलं. खरं म्हणजे तिच्यासमोर बसायचा कंटाळा. कवळी तिला टोचत राहिली. तरी ही बाई दर रविवारी सकाळी ती घालून बसायची, घुम्या आलाच तर त्याला वाईट वाटायला नको म्हणून. हे मला भाचीनं सांगितलं, तेही ताईनं अंथरूण धरल्यावर. स्वतःचीच चीड आली.

"नवी करतो," मी म्हटलं. "आज माप घेतो. अजून दोन रविवार लागतील."

"तेवढे आहेत का माझ्याकडे? पण ये."

पुढच्या रविवारी मेणाची कवळी घालून ती दोन तास बोलत होती. शेजारीण, तिची गळकी पाण्याची टाकी, टाकीवरून झालेलं भांडण. माझं डोकं उठलं. तोंडातल्या उबेनं मेण मऊ पडून दात हलायला लागले, तरी मी तिला थांबवलं नाही. घरी येऊन सगळे दात पुन्हा बसवले.

त्यापुढच्या रविवारी कवळी तयार होती, ताई नव्हती. पहाटेच गेली. भाचीनं विचारलं, घालायची का? मीच घातली. अगदी चपखल बसली.

हळूहळू खोली माणसांनी भरली. भाची जवळ आली.

"मामा, तुम्हाला माणसं सोसत नाहीत. जा तुम्ही घरी. कुणी काही म्हणणार नाही."

ती मनापासून म्हणाली, तेच जास्त लागलं. मी खुर्ची ओढली आणि शेजारणीजवळ जाऊन बसलो. ती रडत होती. मी तिला विचारलं, टाकीचं पुढं काय झालं?