मला अंबाडी म्हणतात

मी अंबाडी बोलतेय. म्हणजे लातूरच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मला अंबाडी म्हणतात. पानं तशीच, हाताच्या बोटांसारखी फाटलेली; फसायला तेवढं पुरतं. माझं खरं नाव गांजा. ते इथे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मला तोंड नाही, त्यामुळे पुष्कळ दिवस सगळं सुरळीत चाललं.

माझी सुरुवात एका खिशात झाली. देगलूरचे ईश्वरप्पा शिवरात्रीच्या जत्रेला गेले आणि साधूंच्या घोळक्यात बसून आले. काय ऐकलं ते त्यांनाच माहीत, पण सदऱ्याच्या खिशात चार-दोन बिया आल्या. त्यांची बायको महादेवी सदरा धुण्याआधी खिसे उलटे करते, आणि बी फेकणं तिला पाप वाटतं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. "अंबाडीच दिसती," म्हणाली आणि बियांच्या डब्यात टाकल्या. पाऊस लागल्यावर त्यांची पुडी बांधून ती एसटीने लातूरला सुनेकडे धाडली. उगवले मी एकटीच.

सून म्हणजे शिल्पा. एम.कॉम. झालेली, आणि दोन वर्षांच्या अक्षराची आई. यातलं दुसरं आपल्याला नीट जमत नाही अशी तिची खात्री आहे. गॅलरीत अक्षरा गजांवर चढते म्हणून गॅलरीचं दार कायम बंद. माझा तेलाचा डबा मग स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली. ऊन मी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर पडलेलं तेवढं पाहिलंय.

अक्षरा जेवत नाही. म्हणजे जेवते, पण शिल्पाच्या मते जेवत नाही. डॉक्टर म्हणाले, "बारीक आहे, पण ठणठणीत आहे." शिल्पाला पहिला अर्धाच भाग ऐकू आला. मग तिने फोनवर वाचलं की अंबाडीत लोह असतं. झालं! घरची, बिनफवारणीची अंबाडी, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. माझी पानं आणि त्या पोरीचं तोंड, एवढं ठरून गेलं.

मी काय करणार? मोठ्या माणसाला भलतंसलतं करणारी मी. एवढ्याशा जिवाचं काय होईल, हा विचारही मला सोसेना.

मध्ये आडवा होता फक्त घरचा रिवाज. घरात पिकलेल्याचा पहिला खुडा थोरल्या बाईच्या हातचा, आधी महादेवाला, मग माणसांना. तोवर कुणी चाखायचंसुद्धा नाही. आणि महादेवी येणार होती दिवाळी झाल्यावर.

दसऱ्यानंतर दिवस आखडले, मला फुलोरा आला आणि खालची पानं पिवळी पडू लागली. मी सुटले असं वाटलं. पिवळं पान कोण आई मुलाला देईल? पण शिल्पाच्या काळजाचं पाणी झालं.

"पाणी लई घालायलीस तू," नवरा वैजनाथ जेवता जेवता म्हणाला. मान वर न करता.

"पाणी कमी पडतंय गं," खालच्या मजल्यावरची तनुजा म्हणाली. "आणि तुझ्या घरात वास कसला येतोय? उंदीर मेलाय का?" वास माझ्या फुलांचा होता. शिल्पाने मोरी तीनदा घासली आणि उदबत्ती लावली.

खताच्या दुकानदाराने पान न बघताच एक बाटली दिली. त्या औषधाने माझी टोकं करपली. फोनवर महादेवीने निदान केलं, "दृष्ट लागली. आल्यागेल्याला दावत असशील!" मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मला शिंक येत नाही, हे बरंय.

शेवटी शिल्पा स्वतःच स्टूल घेऊन माझ्यासमोर बसली. पाणी जास्त झालं असतं तर सगळी पानं लुळी पडली असती. लोह कमी असतं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असत्या. इथे खालची म्हातारी पानं आधी पिवळी, शेंडा हिरवागार. "नत्र कमी पडतंय," ती पुटपुटली, आणि लगेच, "मला काय कळतंय म्हणा."

बरोबर कळलं होतं. फुलोऱ्यात आम्ही खालच्या पानांतलं काढून वर चढवतो. शिल्पा स्वतःच्या भातावरचं तूप अक्षराच्या ताटात ओतते, तेव्हा कुणी त्याला रोग म्हणत नाही.

तिने शेंगदाण्याची पेंड भिजवून तिचं पाणी मला घातलं. मधली पानं पुन्हा तजेलदार झाली. आयुष्यात इतकं प्रेम मला मिळालं नव्हतं, आणि मी मनोमन म्हणत होते, बाई, मला मरू दे.

भाऊबीज उरकून महादेवी आणि ईश्वरप्पा आले. महादेवीने हिरवी पानं निवडून खुडली, धुतली. आधण ठेवलं.

"थांबा आई, एक पान खाऊन बघते," शिल्पा म्हणाली.

"आगं, देवाला दावायच्या आधी?"

"अक्षराला द्यायचंय. मी चाखल्याशिवाय तिला काहीच देत नाही."

"कच्चं पान खायला तू काय शेळी हायस का?"

शिल्पाने पान चावलं. "आई, आंबट नाही."

"दुखण्यातून उठलेलं झाड हाय. आंबटपणा गेला असंल."

"असेल. माझीच पेंड जास्त झाली असेल." तिने पानांची परात आधणाकडे सरकवली. मग थांबली. "पण आंबट नाही ती अंबाडी कसली? तुम्ही बघा बरं."

महादेवीने पान तोंडात घातलं, चावलं आणि मोरीत थुंकलं. "अहो, इकडं या जरा!"

ईश्वरप्पा दारात आले. त्यांनी हुंगलं, माझा तुरा पाहिला. "हे... कुठलं बी?"

"तुमच्याच सदऱ्यातलं. शिवरातीच्या वक्ताचं."

त्यांनी तुरा बोटांत चुरडून पुन्हा हुंगला.

"बोला की!"

"गांजा हाय."

आधण उकळत राहिलं. शिल्पाने धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्यात अजून काही पडलं नव्हतं, तरी.

"नातीला गांजा चारायला निघाले हुते मी! आन् तुम्ही जत्रंत कीर्तन ऐकून आलात, व्हय?" मग सुनेकडे वळून, आवाज उतरवून महादेवी म्हणाली, "बरं झालं, उष्टं केलंस."

एवढ्या गोंधळात अक्षराने कोपऱ्यात बसून अख्खी करंजी संपवली होती. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून.

मला उपटलं ते शिल्पानेच. डबा आडवा केला, माती झटकली आणि पाहतच राहिली. "आई, मुळं बघा. पांढरीशुभ्र. हिला तर काहीच झालं नव्हतं."

आता मी तुकडे होऊन न्हाणीघरात, फिनेलच्या बादलीत आहे. घंटागाडीत टाकायला वैजनाथ घाबरतो, जाळलं तर वास चार मजले जाईल, आणि ईश्वरप्पांना विचारायची सोय नाही. ते सध्या पेपर वाचतात, कालचाच. बाहेर शिल्पा म्हणतेय की तिच्या हाताला काही धार्जिणंच नाही.

जाताना एवढंच मागणं, तो डबा फेकू नका. तिला त्यात मेथी लावू द्या. तिच्या हाताला यश आहे, याचा याहून धडधाकट पुरावा मिळायचा नाही. आणि तो पुरावा बिचारीला कुणालाच दाखवता येणार नाही.