कोट कोणाच्या नावावर

लाँड्रीवाल्यांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला नाव विचारलं नाही. माणूस बघायचा, मनातल्या मनात त्याला एक नाव ठेवायचं, झालं. त्यांच्या सूनबाई पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला लागल्या आणि सराव म्हणून त्यांनी दुकानाची डिक्शनरी बांधली. त्यात 'की' म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव आणि व्हॅल्यू म्हणजे खुंटीचा नंबर. 'की' अचूक दिली की नंबर मिळणार. नावं सासऱ्यांनी सांगितली, सूनबाईंनी निमूटपणे टाइप केली. वर गिऱ्हाइकांचा विश्वास बसावा म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी एक निवेदक कोट न्यायला आले. थोड्याच वेळात त्यांना स्टेजवर उभं राहायचं होतं. दुकानातले सगळे कोट एकसारख्या खाकी कागदात, वर नुसता नंबर. मागे रांग.

"बाबा, यांची की?" सूनबाईंनी विचारलं.

सासरे पंख्याकडे बघू लागले. "आठवत नाही गं."

"मग सगळ्या कीज दाखवते स्क्रीनवर."

रांगेकडे बघून सासऱ्यांना घाम फुटला. "नको नको. यांनाच विचार."

निवेदकांनी टाय सारखा केला. "'रुबाबदार' टाका."

अशी की नाही, असं स्क्रीनने लाल अक्षरांत कळवलं.

"मग 'देखणे'."

सापडली. खुंटी नंबर एक. कागद सोडला तर आत सासऱ्यांचाच लग्नातला कोट. त्यांनी तो घाईघाईने परत गुंडाळला.

"'विद्वान'?" नाही. "बरं, 'टकले'?"

"ते माझं असणार," रांगेतून एक गृहस्थ म्हणाले.

"अहो, कार्यक्रम बुडेल माझा," निवेदक काकुळतीला आले. "सांगून टाका, मी रागावणार नाही."

सासऱ्यांनी डोळे मिटले. "भोंगा."

खुंटी सतरा. कोट लगेच हातात आला. निवेदकांनी तो अंगात चढवला, बटणं लावली आणि शांतपणे विचारलं, "मी? भोंगा?" खुंट्यांवरचे हँगर किणकिणले. समोरचा केमिस्ट काय झालं ते बघायला बाहेर आला. निवेदक मात्र वेळेत कार्यक्रमाला निघाले.

"पुढचे कोण?" सूनबाई म्हणाल्या.

पुढच्या बाईंनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे. "माझ्या साड्या उद्या आमचे हे नेतील," त्या म्हणाल्या. "काय ते त्यांनाच सांगा."