सुनेच्या चिप्स

अमरावतीत वसंतराव वकिलांच्या घरी दर रविवारी दुपारी पोकरचं टेबल लागे. पैशाचं नाव नाही, नुसत्या प्लास्टिकच्या गोल चकत्या, म्हणजे चिप्स. पण त्या वसंतरावांपुढेच साचत. त्यांची रीत सरळ होती. चांगली पानं येईपर्यंत पत्ते टाकून डाव सोडत राहायचं आणि आली की समोरच्याला सोलून काढायचं. त्यांची सून देवश्री त्यांच्याच हाताखाली शिकली आणि बहुतेक वेळा हरायची. हातात काही नसताना बेधडक बोली वाढवायची, चिप्स संपल्या की हसत नवा ढीग घ्यायची.

"अगं, जरासा धीर धरत जाय," वसंतराव म्हणायचे. हे म्हणताना त्यांना मोठं बरं वाटायचं.

मग त्यांचा दोस्त चंद्रभान दोघांना गाडीत घालून अकोल्याला स्पर्धेला घेऊन गेला. देवश्रीचं माहेर तिथलंच. मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. इथे चिप्स संपल्या की उठायचं, नवा ढीग नाही. शिवाय दर डावात आळीपाळीने जी सक्तीची रक्कम टाकावी लागते, ते ब्लाइंड, थोड्या थोड्या वेळाने वाढत जायचे. नुसतं बसून राहिलं तरी ढीग झिजतो. वसंतरावांना हे तोंडपाठ होतं. रविवारच्या मंडळींना त्यांनीच समजावून सांगितलं होतं. पण हाताची सवय जाईना. ते चांगल्या पानांची वाट बघत राहिले. अखेर दोन नव्व्या आल्या तेव्हा पुढ्यात इतक्या थोड्या चिप्स उरल्या होत्या, की एका डॉक्टरीणबाईंनी न घाबरता तेवढ्याच चिप्स लावल्या आणि डाव मारला. जेवणाआधीच वसंतराव बाहेर.

ते प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन बसले. शेजारी विहीणबाई, ज्योत्स्नाबाई, लेकीवरून नजर हलवत नव्हत्या. देवश्री सुरुवातीला जपून खेळली होती. ब्लाइंड वाढले तशी तिने चाल बदलली आणि इतरांना विचार करायला सवडच दिली नाही. बघता बघता ती शेवटच्या टेबलावर पोचली.

"तुमीच शिकवलं ना तिले, वकीलसाहेब!" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"हो," वसंतराव म्हणाले. तिच्या नावाला टाळ्या पडल्या. आपल्याच टेबलावर शिकलेली ही पोर, आणि टाळ्या तिला!

मधल्या सुट्टीत देवश्री धावत त्यांच्यापाशी आली. "बाबा, तिघांचे ढीग माह्यापेक्षा मोठे हायेत. ब्लाइंड पुन्हा वाढून राहिले. काय करू?"

आत्ताच मार, ढीग झिजण्याआधी. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं.

"थांब," ते म्हणाले. "पत्ते टाकत राह्य. चांगली पानं येऊ दे."

"नक्की?"

"इतकी वर्षं खेळून राहिलो मी."

तिने ऐकलं. एकामागून एक डाव सोडले. ढीग वितळत गेला आणि ती चौथ्या नंबरावर उठली. वसंतरावांना आधी हलकं वाटलं. मग हॉलने तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि तेही राहिलं नाही.

परतताना गाडीने मूर्तिजापूर मागे टाकलं.

"बाबा, घरच्या टेबलावर ते बरोबर असते," देवश्री खिडकीकडे बघत म्हणाली. "तिथं नव्हतं. अन् तुमाले ते माहीत होतं."

"पानंच आली नाहीत तुले."

"बरं." जराशाने ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नागपूरले हाये. मी एकटीच जातो."

चंद्रभानने आरशातून वसंतरावांकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

नागपूरला ती दुसरी आली. घरी तिने सासऱ्यांना चहा दिला, औषधाच्या गोळ्या दिल्या. स्पर्धेविषयी चकार शब्द काढला नाही. बातमी चंद्रभानकडून कळली.

"पानं चांगली आली असतील," वसंतराव म्हणाले.

"छे! निव्वळ सत्ती-अठ्ठीवर सगळ्या चिप्स ढकलल्या पोरीनं. समोरच्यानं भेऊन हातातले दोन राजे टाकून देल्ले."

वसंतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सुरुवातीपासून सांग. कोन्या डावात काय केलं तिनं?"