सोळा पानांपुरता

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे. तुमच्या दप्तरात मावतो तसला चिमुकला नव्हे हं! चांगला हातभर लांब मानेचा, अंकाच्या बरोबर मधोमध पिना मारणारा. चार कागद दुमडले की सोळा पानं होतात. तेवढी मी एका दमात टाचतो. त्याहून जास्त माझ्याच्याने होत नाही, उगाच बढाई कशाला मारू?

एका बंद पडलेल्या कचेरीच्या सामानातून मी सिस्टरांच्या घरी आलो. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, अशांसाठी त्या दर महिन्याला एक पत्रक काढायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, माणसाला न उठवता चादर कशी काढावी, असलं त्यात असायचं. त्यांचे यजमान शिंपी. घडीचा मध्य त्यांच्याइतका कुणाला कळणार! ते नखाने घडी दाबायचे, मी खटाखट पिना मारायचो.

बारा वर्षं असं चाललं. वर्गणीदार दोनशे बारा, सगळे टिकून. पण दोन ओळी लिहून पाठवल्या असतील तर शपथ. नणंदबाई आल्या की हटकून विचारायच्या, "वहिनी, हे वाचतं तरी कोण?" सिस्टर हसून विषय बदलायच्या. हसू नुसतं ओठांवर असायचं, ते मला टेबलावरून दिसायचं.

पुढे सिस्टरच आजारी पडल्या. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. त्यांनी अंक थांबवला आणि बारा वर्षांचं सगळं एका पुस्तकात उतरवायला घेतलं. प्रकरणं दहा. पुस्तक बाइंडिंगला जाणार, तिथे मला कोण विचारतो? मी कपाटावर धूळ खात गंजलो.

नऊ प्रकरणं झाली आणि सिस्टरांचा हात चालेना. दहावं होतं काळजी घेणाऱ्या माणसाबद्दल. त्याने स्वतःला कसं सांभाळायचं? यजमानांनी मला खाली काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला आणि म्हणाले, "जेवढं झालंय तेवढं पाठवू या. सोळा-सोळा पानं." अर्धवट काम सिस्टरांना कधीच खपत नसे. पण त्या दिवशी त्यांनी मान हलवली.

नऊ भाग मी टाचले. जीव तोडून टाचले.

दहावं मात्र झालंच नाही. त्याऐवजी सिस्टरांनी वर्गणीदारांसाठी चार ओळी यजमानांकडून लिहून घेतल्या: "तुम्ही कधी पत्र लिहिलं नाहीत. तुमचे हात कामात होते, असं मी धरून चालते. इतकी वर्षं सोबत राहिलात, आभार. दहावं प्रकरण मला येत नाही. तुम्हाला येत असेल." एकच कागद झाला. यजमानांनी सवयीने मला हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. एका कागदाला पिन कशाला लागते?

सगळं टपालात पडलं आणि त्यानंतर नवव्या दिवशी सिस्टर गेल्या. पत्रं त्यानंतर यायला लागली.

चौसष्ट आली. नणंदबाईंनी भावाला एकेक वाचून दाखवलं. एकीने लिहिलं होतं, "मी नळ सोडून रडते, म्हणजे सासूबाईंना ऐकू जात नाही." एकाने लिहिलं, "वडील गेले, आता वेळच वेळ आहे, म्हणून आज लिहितोय." त्यापुढे नणंदबाईंना वाचवेना.

त्या पत्रांतून निवडून दहावं प्रकरण झालं. बरोबर सोळा पानं. यजमानांनी घडी दाबली, मी पिना मारल्या. दोनशे बारा प्रती गेल्या. एक जास्तीची अजून माझ्याशेजारी टेबलावर पडून आहे.

मित्रांनो, माझा गंज तेलाच्या एका थेंबाने जातो. माणसाला दोन ओळी लागतात. कुणाचं काही आवडलं, उपयोगी पडलं, तर लिहून कळवा. आणि त्याला वाचता येतंय तोवर कळवा.